हौसेनं घेतलेलं महाग घड्याळ गोव्यात रोज घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्यात राहणारे एक गृहस्थ रोज दुचाकीनं पणजीला, पाटो भागातल्या ऑफिसात जातात. बरीच वर्षं मनात धरून, पैसे साठवून त्यांनी ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० एम घेतलं. नवं, स्टीलच्या पट्ट्याचं, पावती आणि वॉरंटीसकट. आता ते कपाटात असतं, चवथीला किंवा एखाद्या लग्नाला बाहेर निघतं. घरचे म्हणतात, एवढं महाग घड्याळ रोज कशाला? त्यांना स्वतःला ते रोज घालावंसं वाटतं, पण तीन शंका आहेत. खाऱ्या, दमट हवेत ते खराब होईल का? रोजच्या वापरानं मशीन झिजेल का? आणि हरवलं किंवा चोरीला गेलं तर काय?

रोज घाला. मात्र हे उत्तर या घड्याळापुरतं आणि पुढे सांगितलेल्या काळजीसकट आहे. गोव्यात चांगल्या घड्याळाचं नुकसान वापरानं फारसं होत नाही. ते होतं आत शिरलेल्या ओलीनं आणि बाहेर साचलेल्या मिठानं. मनगटावरचं घड्याळ सतत डोळ्यांसमोर असतं. काचेआड धुकं आलं, बाजूची चावी (वेळ लावायचं बटण) सैल लागली, वेळ मागे पडू लागली, की त्याच दिवशी कळतं. कपाटातल्या घड्याळात हेच घडलं तर पुढच्या चवथीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, आणि तोवर डायलवर डाग आणि काट्यांवर गंज चढलेला असतो.

आधी मशीनच्या झिजेबद्दल. तुमच्या घड्याळातलं ८८०० कॅलिबर, म्हणजे या क्रमांकाचं मशीन, तासाला २५,२०० ठोके देतं. दिवसाचे ६,०४,८०० आणि वर्षाचे २२ कोटींच्या वर. आकडा मोठा वाटतो, पण ही सगळी हालचाल पोलादी टोकं आणि कृत्रिम माणकाची छिद्रं यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरावर चालते. तेल जागेवर आहे तोवर झीज नगण्य असते. शिवाय ओमेगानं १९९९ साली बाजारात आणलेली को-अॅक्सियल एस्केपमेंट, म्हणजे स्प्रिंगेची ताकद ठोक्याठोक्यानं सोडणारी यंत्रणा, या मशीनमध्ये आहे. तिच्यात घासण्यापेक्षा ढकलण्याचं काम जास्त होतं, त्यामुळे सर्वांत नाजूक जागी तेलावरची भिस्त कमी राहते. झीज सुरू होते ती तेल पसरल्यावर किंवा संपल्यावर. मग टोकाभोवती काळसर चिखल जमतो, तोच कानशीसारखा काम करतो, आणि जे काम साफसफाई व तेलावर भागलं असतं तिथे चाक बदलावं लागतं. म्हणून रोज घालण्यात जोखीम नाही. रोज घालून दहा-बारा वर्षं सर्व्हिसिंग न करण्यात आहे. कंपनी पूर्ण सर्व्हिसिंगसाठी साधारण ५ ते ८ वर्षांचा काळ सांगते. गोव्यात रोज वापरणाऱ्यानं ६ वर्षं धरावीत.

पडून राहिल्यानं घड्याळ बिघडतं, हा समज आजच्या घड्याळांना पूर्ण लागू नाही. जुन्या काळची प्राणिज आणि वनस्पतिज तेलं काही वर्षांत चिकट होत असत. आताची कृत्रिम तेलं तशी घट्ट होत नाहीत, आणि बंद मशीन झिजतही नाही. पण घड्याळात रबरी रिंगा असतात: मागच्या झाकणाखाली, चावीच्या आत, आणि या मॉडेलमध्ये डावीकडे दहाच्या आकड्याजवळ असलेल्या हेलियम वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतही. त्यांचं वय घड्याळ घातलं काय नि ठेवलं काय, सारखंच वाढतं. रबर कडक होतं, दबून चपटं होतं, त्याची लवचीकता जाते. म्हणजे कपाटात ठेवून मशीनची थोडी झीज वाचते, रबराची नाही. आणि रबर गेलं की या हवेत मशीनही वाचत नाही.

अधूनमधून घालण्यात आणखी एक तोटा आहे, जो सहसा लक्षात येत नाही. पूर्ण चावी भरलेली असताना हे घड्याळ ५५ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता काढून ठेवलं तर सोमवारी पहाटे २ च्या सुमारास ते थांबतं. सोमवारी सकाळी घाईत तुम्ही चावीचा स्क्रू उघडता, वेळ लावता, तारीख लावता, चावी पुन्हा दाबून बंद करता. असं आठवड्याला एकदा म्हटलं तरी वर्षाला पन्नासच्या वर वेळा. प्रत्येक वेळी चावीचे आटे घासतात, आतली रिंग नळीवरून पुढे-मागे होते, आणि आटा वाकडा बसण्याचा धोका नव्यानं तयार होतो. रोज घातलेलं घड्याळ हाताच्या हालचालीनं आपोआप भरत राहतं. त्याची चावी उघडावी लागते ती फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर तारीख पुढे करायला, म्हणजे वर्षातून पाच वेळा, आणि कधी सेकंद जुळवायला. पाणी रोखणाऱ्या जागेला जितकं कमी छेडाल तितकी ती जास्त टिकते. एवढ्या एका कारणानंसुद्धा स्क्रूच्या चावीचं घड्याळ रोज घालणं बरं.

चावी उघडताना घड्याळ मनगटावरून काढून हातात घ्या. मनगटावर असताना ओढलं तर चावीच्या दांड्यावर तिरका ताण येतो. स्क्रू सुटला की चावी थोडी बाहेर येते. या जागी फिरवली की स्प्रिंग भरते. थांबलेलं घड्याळ सुरू करायला २५-३० फेरे पुरतात, उरलेलं काम मनगट करतं. तारीख बदलण्यापूर्वी काटे फिरवून सकाळच्या सहाच्या आसपास आणा. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत तारखेचं चाक आतून गुंतलेलं असतं. तेव्हा घाईनं तारीख पुढे ढकलली तर त्याच्या दाताला इजा होऊ शकते. बंद करताना चावी आत दाबून आधी अर्धा फेरा उलटा फिरवा. आटे जुळले की बोटाला हलकी टिचकी जाणवते. मग सरळ दिशेनं फिरवा, आणि अडली की थांबा. घट्ट पिळल्यानं घड्याळ जास्त वॉटरप्रूफ होत नाही, उलट रिंग चिरडते. तीन-चार फेरे सहज न जाता लगेच अडली तर आटा चुकला आहे. उघडा आणि पुन्हा बसवा.

आता खारी हवा. हा भाग गोवेकरानं नीट समजून घ्यायला हवा, कारण स्वित्झर्लंडमध्ये लिहिलेल्या माहितीपुस्तिकेत आपला जुलै महिना नसतो. तुमच्या घड्याळाचं स्टील ३१६ एल प्रकारचं आहे. ते गंजत नाही असं आपण म्हणतो, पण त्याला वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा पडला तरी हवेतल्या प्राणवायूनं हा थर पुन्हा तयार होतो. अडचण येते जिथे हवा पोचत नाही आणि खारट ओल साचते तिथे. मागच्या झाकणाची कड, पट्ट्याच्या पिनांची भोकं, पट्ट्याच्या दोन कड्यांमधली फट, बेझलच्या (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या) खाली. या जागी घाम सुकतो, त्यातलं मीठ राहतं, पुन्हा घाम येतो, पुन्हा सुकतो. मिठाचं प्रमाण वाढत जातं, प्राणवायू कमी पडतो, आणि तो थर एका ठिपक्यापुरता फुटतो. तिथून धातू आतल्या आत कोरला जातो. बाहेरून सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसतो. तो रबरी रिंग बसते त्याच कडेवर पडला तर नवी कोरी रिंग घालूनही घड्याळ पाणी रोखत नाही, कारण रिंगेला टेकायला सपाट जागाच उरलेली नसते.

मिरामारच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्यालाच हा त्रास होतो असं नाही. फोंड्यात समुद्र दिसत नसला तरी घाम तितकाच खारट असतो. फोंडा ते पणजी तीसेक किलोमीटर, हेल्मेट, जाकीट, मे महिन्यातलं ऊन, आणि वाटेत मांडवीच्या काठची दमट हवा. ऑफिसात पोचेपर्यंत झाकणाखाली घामाचा थर साचलेला असतो.

यावर उपाय गोडं पाणी. रोज संध्याकाळी, निदान दिवसाआड, घड्याळ नळाखाली अर्धा मिनिट धरा. त्याआधी चावीचा आणि झडपेचा स्क्रू बंद आहे ना, हे बोटानं चाचपून घ्या. आठवड्यातून एकदा वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशनं घासा. क्रम असा ठेवा: मागच्या झाकणाची कड, पट्टा केसला (घड्याळाच्या धातूच्या कवचाला) जोडतो तो सांधा, कड्यांच्या फटी, बकलच्या आतली बाजू. शेवटी बेझल पाण्याखाली दोन पूर्ण फेरे फिरवा, म्हणजे खाली अडकलेली रेती आणि मीठ सुटतं. घरात विहिरीचं पाणी असेल आणि ते मचूळ असेल तर शेवटची धार पिण्याच्या पाण्याची घ्या. मऊ कापडानं पुसून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. ड्रायर लावू नका. गरम पाणीही नको: अंघोळीच्या कडक पाण्यानं धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि साबणाचा फेस पाण्यापेक्षा सहज फटीत शिरतो. अंघोळीला घड्याळ काढून ठेवायचं, यात अपवाद नको.

३०० मीटर लिहिलंय मग काळजी कशाला, असं वाटेल. तो आकडा नव्या रिंगांवरचा आहे. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ हे मानक लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबावर चाचणी मागतं, म्हणजे नवं घड्याळ भरपूर वाव ठेवून बनवलेलं असतं. पण तो वाव वर्षागणिक कमी होत जातो, आणि किती उरलाय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी, दाबाची चाचणी करून घ्या. यासाठी घड्याळ उघडावं लागत नाही. यंत्राच्या कुपीत ते ठेवतात, हवेचा दाब वाढवतात आणि कमी करतात, आणि केस किती मायक्रॉननं दबते-फुगते ते मोजतात. दबलेली केस त्याच स्थितीत राहिली तर हवा आत जात नाही. ती हळूहळू मूळ आकाराला येऊ लागली तर कुठेतरी गळती आहे. तुमचं घड्याळ पाण्यात बुडी मारण्यासाठीचं असल्यानं निदान १० बारवर (साधारण १०० मीटर खोलीइतक्या दाबावर) पाण्यातली चाचणीही मागा. वॉरंटीच्या ५ वर्षांत झाकण उघडायचं काम मात्र फक्त अधिकृत केंद्रात द्या.

आत ओल आहे का हे तपासायची एक साधी पद्धत घड्याळाच्या मानकांतच आहे. केस ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर १० ते २० मिनिटं ठेवायची, मग काचेच्या मधोमध १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं, आणि कोरड्या कापडानं पुसून काच तिरकी धरून बघायची. थेंबाच्या जागी आतल्या बाजूला गोल धुकट डाग दिसला तर आत ओल आहे. गोव्यात उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून कोमट असतं, म्हणून माठातलं घ्या. तव्यावर किंवा उन्हात टाकून तापवू नका, तापमान हाताबाहेर जातं. हे काम दुकानातल्या नियंत्रित तापपट्टीवरच व्हावं.

रोजच्या वापरात एक गोष्ट ओळखता यायला हवी. थंडगार एसी ऑफिसातून जूनच्या दमट हवेत बाहेर पडलात आणि काचेवर धुकं आलं, ते बोटानं पुसलं गेलं, तर ते बाहेरचं आहे. चिंता नको. पावसात भिजून एसीत शिरलात आणि काचेच्या आतून धुकं दिसलं, ते थोड्या वेळानं आपोआप गेलं, तरीही घड्याळ आजारी आहे. धुकं गेलं म्हणजे ओल गेली असं नाही. ती फक्त काचेवरून उडून आतल्या हवेत मिसळली. तांदळाच्या डब्यात पुरणं, दिव्याखाली ठेवणं, चावी उघडून वारा देणं यांपैकी काहीही नको. चावी बंदच ठेवून २४ तासांच्या आत कारागिराकडे पोचवा. आत समुद्राचं पाणी गेलं असेल तर तासांची गोष्ट आहे: खारं पाणी पोलादी स्प्रिंगा आणि स्क्रूंवर रातोरात गंज चढवतं. अशा वेळी वॉरंटीचा विचार न करता जवळच्या जाणत्या कारागिराकडून ते उघडून, मशीन सुटं करून धुऊन घेणं शहाणपणाचं.

समुद्रात घालायचं का? चाचणी त्या वर्षीची असेल तर पोहायला हरकत नाही. पाण्यात चावीला हात लावायचा नाही, आणि बाहेर आल्यावर तासाभरात गोड्या पाण्यानं धुवायचं. किनाऱ्यावर मला पाण्यापेक्षा रेतीची जास्त भीती वाटते. रेतीतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापनात ७ वर आहे, स्टील त्याच्या बरंच खाली. सफायर काच ९ वर असल्यानं तिला ओरखडा पडत नाही, पण पट्ट्याच्या कड्यांत अडकलेली रेती रोज थोडं थोडं स्टील खरवडत राहते आणि दोन-तीन वर्षांत पट्टा लोंबू लागतो. चवथीचं विसर्जन, पावसाची सर, ओहोळातलं पाणी, यांत घड्याळ बिनधास्त राहू द्या. शिगमोच्या रंगात मात्र काढा. बारीक गुलाल बेझलखाली आणि बकलच्या स्प्रिंगेत जातो आणि पाण्यानं सहज निघत नाही. सनस्क्रीन आणि अत्तर आधी अंगावर सुकू द्या, मग घड्याळ घाला; रबरी रिंगांना ही रसायनं सोसत नाहीत.

दुचाकीच्या धक्क्यांनी मशीन बिघडेल का, ही शंका पुष्कळांना असते. झोके घेत मशीनला ताल देणाऱ्या बॅलन्स चाकाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून बारीक असतात, पण ती स्प्रिंगेवर तोललेल्या माणकांत बसवलेली असतात आणि धक्का बसला की माणिक सरकून मूळ जागी येतं. शहरातले खड्डे आणि गतिरोधक हे घड्याळ सोसतं. हातोडा, ड्रिल, विटा फोडणं, बॅडमिंटनचा स्मॅश, यांना काढून ठेवा. दुचाकीवर खरा धोका रेनकोटचा आहे. ओल्या बाहीचं लास्टिक ओढून काढताना ते बकलच्या कडेत अडकतं, बकल उघडतं आणि घड्याळ बाहीतून थेट रस्त्यावर पडतं. पावसाळ्यात रेनकोट चढवताना आणि उतरवताना घड्याळ आधी काढून आतल्या चेनच्या खिशात ठेवायची सवय लावा.

पडण्यावरून आणखी एक. सफायर आणि सिरॅमिक बेझल ओरखड्याला दाद देत नाहीत, पण दोन्ही ठिसूळ आहेत. टाइल्सच्या फरशीवर कडेनं आपटलं तर टवका उडतो किंवा बेझल दुभंगतं, आणि त्याला पॉलिश नसतं, नवंच घालावं लागतं. घड्याळ घालणं-काढणं पलंगावर बसून किंवा टेबलावर कापड पसरून करा. बेसिनशी उभं राहून कधीच नको.

पट्टा घट्ट-सैल बघा. बकल बंद केल्यावर करंगळी आत जाईल एवढी जागा हवी. दुपारच्या उकाड्यात मनगट फुगतं, म्हणून माप संध्याकाळी घ्या. सैल पट्ट्यात घड्याळ हातावर आपटत राहतं, पिनांची भोकं रुंदावतात. पट्टा केसला धरून ठेवणाऱ्या दोन स्प्रिंगच्या पिना म्हणजे या सगळ्या मौल्यवान वस्तूतला सर्वांत स्वस्त भाग आहे. त्यांची किंमत किरकोळ, पण त्या गंजून तुटल्या की पूर्ण घड्याळ जातं. दर दीड-दोन वर्षांनी कंपनीच्याच पिना नव्या घाला आणि जुन्या भिंगाखाली बघा. टोकाच्या खांद्यावर तपकिरी कड दिसली तर पुढच्या वेळी वर्षभरातच बदला.

ओरखडे पडणार. पहिला पडेल बकलवर, लॅपटॉपच्या कडेनं. त्यासाठी पॉलिश करू नका. प्रत्येक पॉलिशमध्ये धातूचा थर जातो, केसच्या धारदार कडा गोल होतात आणि त्या परत आणणं महागात पडतं. सर्व्हिसिंगला देताना अर्जावर ‘पॉलिश करू नये’ असं ठळक लिहून सही घ्या. वापराचे ओरखडे हे घड्याळाचं नुकसान नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे विकायचं झालं तरी जाणता गिऱ्हाईक पॉलिश न केलेल्या केसलाच पसंती देतो.

रात्री ठेवायचं कुठे? झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक. आकडा ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. जेलचे दाणे रंग बदलतात तेव्हा ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. कंपनीच्या सुंदर लाकडी खोक्यात ठेवू नका. पावसाळ्यात आतलं अस्तर ओल धरतं आणि त्यावर बुरशी येते. कपाटात डांबरगोळ्या असतील तर घड्याळ तिथून हलवा, त्यांच्या वाफा रबर आणि तेलाला चांगल्या नाहीत. घड्याळ फिरवून चावी भरत ठेवणाऱ्या वाइंडरची तुम्हाला गरज नाही. रोज घालणाराला त्याचा उपयोग नाही, आणि न घालणाऱ्याचं मशीन तो विनाकारण चालवत ठेवतो.

आता हरवण्याची गोष्ट, आणि इथे मला थोडं कठोर बोलायला हवं. हे घड्याळ उद्या गेलं तर घराचा हप्ता, मुलांची फी, आजारपणाची गंगाजळी यांतलं काही अडणार असेल, तर रोज घालायचं का याआधी ते विम्याशिवाय ठेवायचं का हा प्रश्न येतो. घराच्या विम्यात दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी वेगळं कलम घेता येतं. त्यात घराबाहेर, अंगावर असताना झालेली चोरी आणि अपघाती हानी धरली आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. नुसतं घरातल्या चोरीचं संरक्षण रोज घालणाऱ्याच्या कामाचं नाही. पावती, वॉरंटी कार्ड, केसवरचा क्रमांक, आणि समोरून-मागून काढलेले फोटो घड्याळापासून वेगळे ठेवा. पोलिसांत तक्रार देताना हेच लागतं. बँकेचा लॉकर पूर्ण हमी देतो असंही नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडं २,००० असेल तर २ लाख. पूर आणि वीज यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेची चूक नसेल तर, तीही नाही.

जत्रेची दाटी, कार्निव्हालची मिरवणूक, किनाऱ्यावर कपडे ठेवून पोहायला जाणं, या तीन प्रसंगांसाठी एक साधं, बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ घरात असू द्या. महाग घड्याळ टॉवेलखाली लपवण्यापेक्षा घरी ठेवलेलं बरं.

खर्चाचा हिशेब आत्ताच मांडा. अधिकृत केंद्राकडून पूर्ण सर्व्हिसिंगचा आजचा दर लेखी मागवा आणि त्याला ७२ महिन्यांनी भागा. हिशेबापुरता आकडा धरायचा तर ७२,००० रुपयांचे महिना १,००० होतात. ही रक्कम दरमहा बाजूला टाकणं जमत असेल तर रोज घाला. जमत नसेल तर घड्याळ विकू नका, पण आठवड्यातून दोनच दिवस घाला आणि दाबाची वार्षिक चाचणी तरीही चुकवू नका.

हेच उत्तर सगळ्या घड्याळांना देता येणार नाही. चामड्याच्या पट्ट्याचं, ३० मीटर लिहिलेलं सोन्याचं पातळ घड्याळ जून ते सप्टेंबर घालूच नका. चामडं घामानं कुजतं, आणि ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, एवढंच. काजूच्या हंगामात बोंडांचा रस चामड्यावर पडला तर डाग जात नाही. वडिलांकडून आलेलं जुनं एचएमटी किंवा साठ-सत्तरच्या दशकातलं स्विस घड्याळ पाणी रोखतं असं कधीच धरू नका, झाकणावर काहीही कोरलेलं असो. ओमेगाचंच स्पीडमास्टर मूनवॉच ५० मीटरचं आहे आणि त्याच्या क्रोनोग्राफची (स्टॉपवॉचची) बटणं ओल्या हातानं दाबायची नसतात. डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात काम असेल तर लोहखनिजाची तांबडी धूळ बेझलमध्ये आणि कड्यांत पॉलिशच्या पावडरीसारखी घासते. कामाच्या जागी साधं घड्याळ घाला.

चुंबकाची काळजी तुम्हाला नको. हे मशीन १५,००० गॉस इतक्या चुंबकी क्षेत्रापर्यंत तपासलेलं आहे. इतर पोलादी स्प्रिंगेच्या घड्याळांना मात्र पिशवीचं चुंबकी बटण आणि टॅबलेटचं कव्हरही पुरतं: घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर पुढे जाऊ लागलं तर आधी होकायंत्राजवळ धरून बघा, सुई थरथरली तर चुंबक उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

तुमच्या घड्याळाची वेळ दर रविवारी फोनशी ताडून वहीत लिहा. कारखान्यातला निकष दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे, असा आहे. सलग काही आठवडे ते मागे पडू लागलं, किंवा रात्रभर काढून ठेवल्यावर सकाळी थांबलेलं मिळालं, तर सहा वर्षं पुरी व्हायची वाट पाहू नका. दुकानात मशीनची नाडी बघणारं यंत्र असतं. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, बॅलन्सचा झोका मोजतात. त्या वेळी कारागिराला आठवण करा की को-अॅक्सियलसाठी लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी यंत्राला द्यायचा कोन) वेगळा लावावा लागतो. यंत्रावर नेहमीचा ५२ अंश राहिला तर झोक्याचा आकडा फसवा येतो, आणि निरोगी घड्याळ आजारी ठरून विनाकारण उघडलं जाऊ शकतं.

सर्व्हिसिंगसाठी घड्याळ बाहेरगावी पाठवावं लागलं तर पट्ट्यासकट वजन आणि फोटो नोंदवा, पूर्ण किमतीचा वाहतूक विमा घ्या, आणि खोक्यावर कंपनीचं नाव लिहू नका. परत आल्यावर दाबाच्या चाचणीचा छापील कागद, बदललेल्या भागांची यादी आणि नव्या सर्व्हिसिंगवरची वॉरंटी, या तिन्ही गोष्टी मागा. पावसाळ्यात परत आलं असेल तर पहिले दोन दिवस पाण्यात घालू नका. एसीत बसून काचेची आतली बाजू दोन-तीनदा तपासा. मग पुन्हा रोज घालायला लागा.